बैलवाट उतरताना

लालबाग,
२० नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
रुपालीचा नमस्कार.

गावच्या बसवरच्या सावंत ड्रायव्हरकडे मसाल्याची पिशवी देतेय. यंदा गल्लीत उभं राहून डोळ्यांदेखत कुटून घेतलाय, त्यामुळे रंगावरून टोमणे नकोत. पिशवीत कानाच्या मशीनचे सेलही आहेत. मशीन कपाटात ठेवायचं नसतं, कानात घालायचं असतं, एवढं मी डॉक्टर नसूनही सांगू शकते.

परवा व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मला तुमचं नुसतं कपाळ दिसत होतं आणि तुमच्याकडे माझं तोंड अडकून बसलं होतं. ओठच हलेनात तर तुम्ही वाचणार काय? गिरणीतल्या आवाजात तुम्ही बायका ओठांवरून बोलायला शिकलात, पण त्या काळी समोरच्या बाईचं तोंड असं मध्येच थांबत नव्हतं. म्हणून नेहमीसारखं लिहूनच पाठवते. तसंही हे नूपुरसमोर बोलण्यासारखं नाही.

तुमच्या नातीला सायकलचं वेड आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता तिने ग्रॅव्हल बाईक घेतलीय. शर्यतीच्या सायकलसारखं वळलेलं हॅण्डल, पण टायर जाडे. डांबर सोडून खडी, माती, मुरूम असल्या रस्त्यांवर चालवायची. चांगला रस्ता असताना वाईट रस्ता शोधत फिरायचं, हा नवा शौक. सुट्टीच्या दिवशी ती आणि भायखळ्याचा राजरत्न, तोच तो सायकलच्या दुकानात काम करणारा तिचा कॉलेजमधला मित्र, लोकांना असल्या रस्त्यांवर घेऊन जातात. इथवर मी दात आवळून सहन केलं.

आता डिसेंबरचा बेत ऐका. सायकली टेम्पोत घालून घाटावर मोरपेठला जायचं. तिथली जुनी बाजारपेठ, दगडी जकात चौकी बघायची. मग पठारावरच्या मातीच्या रस्त्याने नांगरगाव, जुनी घरं, पायऱ्यांची विहीर. आणि तिसऱ्या दिवशी, बावीस तारखेच्या रविवारी, बैलवाटेने खाली आवळखोलला उतरायचं. मुक्काम आपल्या घरी. सोबत पाच परकी माणसं आणि पुढारी कोण, तर आपली नूपुर.

बैलवाट म्हणजे तुमचे वडील बैलांवर मीठ लादून घाटावर न्यायचे तीच ना? लग्नानंतर दीपकने मला ती अंगणातून बोट करून दाखवली होती. मला वाट दिसलीच नव्हती, नुसता डोंगर दिसला होता.

आई, मी दिवसभर हॉस्पिटलच्या खिडकीत बसून केसपेपर काढते. पडलेले, आपटलेले, मोडलेले लोक माझ्यासमोर रांगेत असतात आणि सगळ्यांचे नातेवाईक एकच वाक्य बोलतात, आत्ता तर घरून निघाला होता. मीही ते वाक्य एकदा बोललेय. दीपक गणपतीला मोटारसायकलने निघाला त्याला आठ वर्षं झाली, पण सायकलची घंटा वाजली तरी मी हातातलं टाकून दाराकडे बघते. त्या महामार्गावर मी परत पाय ठेवला नाही, आणि तुम्ही गावी राहायला गेल्यावरही त्यावरून मला कधी शब्दाने बोलला नाहीत. ते मी विसरले नाही.

नूपुर चाळीच्या पटांगणात सायकल शिकत होती तेव्हा मी गॅलरीतून ओरडायचे, "घाई कोणाची नाय! आधी पाय टेकव!" पोरं माझी नक्कल करायची. ती रडवेली होऊन म्हणायची, आई, तू आत जा ना. आता आतच आहे मी. ती कुठे कुठे जाते ते मला नंतर फोटोत कळतं.

एक करा. पावणाई देवीला माझ्या नावाने गाऱ्हाणं घाला. ही सहल होऊ देऊ नकोस म्हणावं. टेम्पो बिघडू दे, लोक गळू देत, कोणाला इजा न होता बेत मोडू दे. नूपुरला यातलं काही कळू देऊ नका.

तुमची,
रुपाली


आवळखोल,
२६ नोव्हेंबर

चि. रुपालीस,
खूप आशीर्वाद.

मसाला पोचला. रंग बरा आहे. तिखट कमी आहे, पण तू टोमणे नकोत म्हणालीस म्हणून लिहीत नाही.

मशीन कानात घातलं की मला शेजारच्या घरातली भांडणं ऐकू येतात. बहिरेपणात सुख आहे ते तुला या वयात कळायचं नाही.

तुझं पत्र वाचून मीही घाबरले, असं समज. एवढं मोठं पत्र तू नूपुरच्या बारशाच्या बेतालाही लिहिलं नव्हतंस. पण बाई, तू घाट बघितला नाहीस आणि घाटाला भितेस. बैलवाट म्हणजे कडा नव्हे. लादलेला बैल उतरायचा त्यावरून. वरचा टप्पा दगडी फरसबंदीचा आहे, मधला जंगलातला, शेवटी देवचाराच्या, म्हणजे शिवेच्या राखणदाराच्या, दगडापाशी सुटी खडी आहे तेवढी जपायची. बाबांबरोबर मी परकर पोलक्यात चढलेय. मोरपेठच्या बाजारात मला गुळाचा खडा मिळायचा. तो बाजार आता ओस पडलाय आणि तुझी पोर तो ओसाड बाजार बघायला माणसं घेऊन येतेय. मला यात वाईट काही दिसत नाही. ती हिरवी सायकल मजबूत आहे आणि पोरगीही.

तरी तू सांगितलंस म्हणून पावणाईपुढे जाऊन गाऱ्हाणं घालते. सोमवारी मानकरी देवळात असतात.

कोकम आणि थोडे सुके बांगडे पाठवतेय. बांगड्याचा वास गाडीभर झाला म्हणून सावंताने कुरकुर केली. त्याला तू चहा पाज.

मालन


लालबाग,
२ डिसेंबर

ती. आई,

बांगडे मिळाले. सावंतला चहा पाजला.

सायकल हिरवी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मी लिहिलेलं नाही. पत्राची नक्कल माझ्याकडे नाही, पण मी काय लिहिते ते मला माहीत असतं. लाल सायकल तिने दसऱ्याला विकली आणि ही घेतली. तुम्ही मुंबईला येऊन गेलात ते त्याआधी. खडी नेमकी कुठे सुटी आहे, हेही तुम्ही लिहिता. परकर पोलक्यातलं एवढं आठवतं तुम्हाला?

दिवाळीत नूपुर चार दिवस ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर अलिबागला गेली होती. फोटो एकच आला, तोही पायांचा. मी काल तिला सरळ विचारलं. तिने आधी डोळे मोठे केले, मग म्हणाली, "आजीने पत्रात लिहिलं का?" म्हणजे झालंच.

आई, मला राग नूपुरचा कमी आला. ती चोवीस वर्षांची आहे, खोटं बोलणारच. तुम्ही तर त्या दिवशी माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसला होतात. डॉक्टर काय म्हणाला ते तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणून मी तुमच्याकडे तोंड वळवून तेच परत बोलले होते. ज्या बाईला मला ते सांगावं लागलं, ती बाई माझ्या पोरीला डोंगरावर चढवते आणि मला "घाबरले असं समज" लिहिते?

कालपासून जेवण जात नाही. राजरत्न घरी आला होता. चांगला मुलगा आहे, चहाचा कप स्वतः विसळून ठेवतो. म्हणाला, "काकी, रूट आम्ही पायी चेक केलाय. टेन्शन नको." मी म्हटलं, टेन्शन मला सोडून सगळ्यांनी वाटून घ्या, मग मला नको. तो हसला नाही.

गाऱ्हाणं घातलंत का? तेवढं तरी खरं सांगा.

रुपाली


आवळखोल,
९ डिसेंबर

चि. रुपाली,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. दिवाळीत ती आणि राजरत्न इथे होते. पायी वर गेले, पायी उतरले, दोन दिवस तेच केलं. कुठे उतरायचं, कुठे चढायचं त्याच्या खुणा केल्या. "आजी, आईला सांगू नको," असं ती म्हणाली आणि मी मान हलवली. म्हातारपणी नातवंडांनी मागितलेल्याला नाही म्हणवत नाही. तुझ्यापासून लपवलं ही चूक झाली. तू उपाशी राहिलीस ते मला लागलं.

बाकाचं मी विसरलेले नाही. तुझे ओठ मला अजून दिसतात. पण पोराला घरात ठेवायला मी तरी कुठे कमी केलं होतं?

गाऱ्हाणं घातलं. देवीने कौल उजवा दिला, म्हणजे हो म्हणाली. याउपर मला विचारू नकोस.

गावात दुसरीच गडबड आहे. यंदा गावपळणीचं वर्ष. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तू आली होतीस ना? तेव्हा कोंबड्या टोपलीत घालून सगळा गाव नदीपलीकडे झोपड्या बांधून राहिला होता आणि तुला मज्जा वाटली होती. गुरंढोरं, कुत्रीमांजरं, सगळ्यांनी तीन रात्री शिवेबाहेर राहायचं, आणि देवीने परतायचा कौल दिल्याशिवाय गावात पाय टाकायचा नाही. तारीख देवीकडून यायची आहे. मानकरी म्हणतात पौषात निघेल, म्हणजे जानेवारीत. नूपुरची माणसं तोवर येऊन गेलेली असतील. त्यांच्यासाठी मी तांदूळ दळून ठेवलेत. घावणे करीन.

आमचा मोबाइलचा टॉवर आठवड्यापासून बंद आहे. फोन लावून जीव टाकू नकोस.

जेव.

मालन


आवळखोल,
१९ डिसेंबर, गुरुवार

रुपाली,

घाईत लिहितेय, सावंताची गाडी फाट्यावर थांबलीय.

आज देवीने कौल दिला. परवा शनिवारी सकाळी गाव पळणार. पौषाची वाट कोणी बघितली नाही, आणि देवीपुढे कोणाचं चालत नाही.

नूपुरला आजच्या आज सांग. बैलवाट वरून थेट आपल्या वरच्या वाडीत उतरते. रविवारी तिथे माणूस नसेल, चूल नसेल, कुत्रंही नसेल. बाहेरच्याने त्या दिवसांत गावात पाय टाकलेला गावाला चालत नाही. बेत पुढे ढकल म्हणावं. आलातच तर नांगरगावाहून डांबरी रस्त्याने फाट्यावर या.

टॉवर अजून बंद. ही चिठ्ठी हातात पडेल तेव्हाच तुला कळेल, त्याचाच घोर लागलाय.

मालन


लालबाग,
२० डिसेंबर, शुक्रवार

ती. आई,

तुमची चिठ्ठी आज सकाळी मिळाली. नूपुर काल रात्रीच टेम्पोबरोबर निघाली.

खोटं कशाला लिहू, चिठ्ठी वाचल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. पूल संपतो तिथे गाडीजवळ उभी राहून मी पावणाईला हात जोडले. वाटलं, ऐकलं माझं. गावच उठवला पण माझ्या पोरीचा बेत मोडला. मग लक्षात आलं की बेत मोडलेला नाही, पोर वर आहे, आणि मोडलाय तो खालचा आसरा.

तेव्हापासून फोन लावतेय. तिचा बंद. राजरत्नचा बंद. मोरपेठला ज्यांच्याकडे ते चहाला थांबणार होते त्या माणसाचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता, तो लागला. म्हणाला, "पोरं आत्ताच पठारावर गेली की. आता नांगरगावपर्यंत रेंज नाही, आणि तिथंबी कधी असते, कधी नसते." मी म्हटलं, कोणालातरी मागे पाठवा. तो म्हणाला, मोटारसायकल मुलगा घेऊन गेलाय, आला की बघतो. आला की नाही कळत नाही. आता तोही फोन उचलत नाही.

रविवारी ती संध्याकाळी पोचणार. दमलेली माणसं, कोणी पडलेलं असेल, पाणी संपलेलं असेल, आणि समोर रिकामी घरं. हाका मारतील तर ओ द्यायला कोणी नाही. आजी कुठे गेली म्हणून ती घराघरात शिरेल. आणि मग वर्षभरात गावात कोणाचं ढोर मेलं, कोणाचं पोर आजारी पडलं, की मुंबईच्या पोरीने पळण मोडली म्हणून तिच्याच नावाने खडे फोडतील. तुम्हाला तिथे राहायचं आहे.

हे सगळं मी मागितलं, आई. "बेत मोडू दे" असं मीच लिहिलं होतं. देवीकडे मागताना जपून मागावं असं तुम्ही नेहमी म्हणता. मी जपून मागितलं नाही.

हे शेवटचं गाडीजवळ उभी राहून लिहितेय. बॅग भरून आणली होती. दारापर्यंत गेले. सावंत म्हणाला, "वहिनी, चला, जागा आसा." पायरीवर पाय ठेवला आणि मला ते वळण दिसलं. जिथे दीपकची चप्पल सापडली ते. मी खाली उतरले. माझी पोर तिथे आहे आणि मी खाली उतरले.

तुम्हीच आहात आता. तिला शिवेवर अडवा. कोणालाही पाठवा. मी तुमच्या पाया पडते.

रुपाली


आवळखोल, नदीपलीकडे,
२३ डिसेंबर, सोमवार

चि. रुपाली,

टॉवर आज सुरू झाला, तेव्हा नूपुरने फाट्यावरून तुला फोन केला असेलच, आणि "सगळं मस्त झालं" म्हणाली असेल. मस्त कसं झालं ते मी लिहिते. पाठीखाली पेंढा आहे आणि शेजारी शेळी आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी चिठ्ठी सावंताने शनिवारी सकाळी फाट्यावर माझ्या हातात दिली. गाव तेव्हा निघालाच होता. मी ती मोठ्या मानकऱ्यांसमोर धरली. ते म्हणाले, स्वप्नीलला पाठवू. स्वप्नील म्हणजे माझ्या पुतण्याचा मुलगा, रिक्षा चालवतो, पायी चालायचं म्हटलं की त्याला ताप येतो. मी म्हटलं, मीही जाते. मानकरी माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलले, "म्हातारे, गुडघे चलतत काय तुझे?" मी म्हटलं, चलत नाहीत, पण बसूक येता. शिवेवर जाऊन बसते.

गावातून जायचं नाही, म्हणून रविवारी सकाळी नदीच्या काठाने लांबून फिरून चढलो. किती वेळा बसले ते विचारू नकोस. दुपार कलली तेव्हा देवचाराच्या दगडापाशी पोचलो, सुट्या खडीच्या खाली. तिथून पुढे गावाची हद्द.

मग वाट बघणं. ऊन खाली गेलं. कोणी येईना. तुला गॅलरीत कसं होत असेल ते मला तिथे कळलं. तुला निदान ऐकू तरी येतं. मला वरून कोणी हाक मारली, कोणी किंचाळलं, तरी काही कळणार नव्हतं. मी नुसती वळणाकडे डोळे लावून बसले होते. मशीन घरी कपाटात आणि घर हद्दीच्या आत. तुझं ऐकायला हवं होतं, हे लिहून देते.

तेवढ्यात वरून पाण्याची एक बाटली घरंगळत आली. माझ्या पायाशी येऊन थांबली. मी ती उचलून पदरात धरली. स्वप्नील उठून वर धावला आणि वळणाआड गेला. मी एकटी. देवचाराला म्हटलं, माझा एक नेलास, आता पुरे. बोलले की नुसतं मनात म्हटलं ते मला माहीत नाही.

पहिला दिसला तो राजरत्न. सायकलीवर नव्हता, सायकल हाताने धरून चालत होता. त्याच्यामागे अंबिका म्हणून एक डॉक्टरीण, तीही चालत. मग बाकीचे. एक दादरचा हर्षवर्धन, त्याचं कोपर खरचटलं होतं, बाटली त्याचीच. सगळे पायी. मला वाटलं काहीतरी मोठं झालंय म्हणून उतरलेत. माणसं मोजली, एक कमी. परत मोजली, तरी एक कमी.

नूपुर सगळ्यांत मागे होती. पुढारी मागे असतो हे मला नवीन होतं. शेवटच्या उतारावर हर्षवर्धन परत सायकलीवर टांग टाकायला लागला. घर जवळ आलं की माणसाला घाई होतेच. ती खाली धावत आली, त्याच्यासमोर उभी राहिली, तळहात पुढे केला आणि काहीतरी बोलली. तिचं तोंड माझ्याकडे होतं. तिचा आवाज मला कसा येणार? पण ओठ मी वाचले.

"घाई कोणाची नाय. आधी पाय टेकव."

तुझे ओठ, बाई. भुवईसुद्धा तशीच वर गेली. तो उतरला.

मला तिथे रडू आलं. स्वप्नीलला वाटलं गुडघे दुखतायत. मी आजवर कोणाशी बोलले नाही ते लिहिते. दीपक असता तर उतरला नसता. माझा मुलगा होता, गुणाचा होता, पण तो कधी उतरला नाही. त्या दिवशीही पाऊस होता आणि तू थांब म्हणाली होतीस. मी गणपतीसाठी आधीच गावी आले होते, फोनवर तुझं बोलणं मला कळेना म्हणून तू तो त्याच्याकडे दिलास, आणि मी काय म्हटलं, ये रे लवकर, मोदक निवतील. हे मी आठ वर्षं गिळून आहे. पोरगी बापासारखी धीट आहे असं मी दिवाळीत सगळ्यांना सांगत फिरले. ती तुझ्यासारखी भित्री आहे, आणि देवाची कृपा म्हणून आहे.

आज सकाळी चहा पिताना तिने मला तोंड वळवून सांगितलं, "आजी, प्रत्येक उताराआधी माझे हात गार होतात. आईला सांगू नको." यावेळी मी मान हलवली नाही. सांगतेय.

बाकी सगळं नीट झालं. सायकली शिवेबाहेर ठेवल्या. त्यांना नदीकाठाने इकडे आणलं. मानकरी आधी तोंड फुगवून बसले, मग डॉक्टरणीने त्यांचा सुजलेला अंगठा बघितला आणि फुगा उतरला. घावणे झाले नाहीत, दळलेलं पीठ घरातच राहिलं. कोंबडीची सागोती आणि भात खाल्ला सगळ्यांनी. तुझा मसाला होता. तिखट बरं आहे.

आता गाऱ्हाण्याचं. तू सांगितलेलं गाऱ्हाणं मी घातलंच नाही. देवळात उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते असं, "बाये पावणाई, पोर घाटावरून येताहा, तिका सुखरूप हाड, आणि तिच्या आवशीकही एकदा हाड." मानकरी व्हय म्हाराजा म्हणाले. त्यालाच कौल उजवा पडला. तेव्हा गाव तू उठवलास हे डोक्यातून काढ. पळण दर तीन वर्षांनी होते, तू नसतीस तरी झाली असती. आमची देवी एवढी काही तुझ्या ऐकण्यातली नाही.

उद्या परतायचा कौल लागेल. मागणी मी दोन केली होती, पोरीला आण आणि तिच्या आईलाही आण. एक पुरं झालं.

मालन


लालबाग,
३ जानेवारी २०२५

ती. आई,

तुमचं पत्र मी खिडकीतच वाचलं. रांगेतली माणसं थांबली होती. एक आजोबा म्हणाले, बाई, काही वाईट बातमी का? मी नाही म्हटलं आणि त्यांचा केसपेपर दोनदा काढला.

मोदकांचं वाचलं. मी तुम्हाला यावर काही लिहिणार नाही. ते लिहायचं नाहीच.

नूपुर घरी आली. तिने सायकल धुतली आणि मी नळी धरून उभी राहिले. मी तिचे हात बघितले. मग विचारलं, पुढची राइड कुठे? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आलं. रात्री मी आवळखोलला जाऊ म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, तू मागे बस. म्हणजे गाडीत. खिडकीपाशी नको. मी खिडकीपाशी बसते." ते वळण आलं की ती मला सांगणार आहे, म्हणजे मी डोळे मिटेन. मिटेन की नाही ते तिथे ठरवीन.

आठ तारखेची तिकिटं काढलीत. भीती गेलेली नाही. हे लिहिताना हात गार आहेत. सावंतला सांगून ठेवलंय, मी पायरीवर थांबले तर गाडी सोडायची नाही, पण मला ओढायचंही नाही. तो म्हणाला, "वहिनी, घाई कोणाची नाय." नूपुरने शिकवलं असणार.

ही चिठ्ठी त्याच्याकडे देत नाहीये. बरोबर घेऊन येतेय. फाट्यावर उतरले की तुमच्या हातात देईन, पण तेव्हा ती उघडू नका. माझ्या तोंडाकडे बघा.

रुपाली